अमेरिकन रिअ‍ॅलिझमचा ऑनलाइन कोर्स: शिकवणाऱ्या मॅडमसाठी तरी कराच

मुंबईत नोकरी सांभाळून एमए इंग्लिश करताय तर हा कोर्स घ्याच. १८६१-६५ चं यादवी युद्ध संपल्यावर अमेरिकेत कारखाने, रेल्वे, शहरं कशी वाढली आणि लेखक साध्या माणसांच्या रोजच्या जगण्याकडे कसे वळले (यालाच रिअ‍ॅलिझम म्हणतात), हे पहिल्याच लेक्चरला नीट कळतं. हॉवेल्स, ट्वेन असे त्या काळचे लेखक सगळे आहेत, पण खरी मजा केट शोपँच्या १८९४ च्या ‘द स्टोरी ऑफ अ‍ॅन अवर’ला आली. दोन-तीन पानांची गोष्ट, रेल्वे अपघातात नवरा गेल्याची बातमी येते, बाई एकटीच खोलीत जाते, खिडकीतून झाडांचे शेंडे दिसतात आणि हळूहळू तिला मोकळं वाटायला लागतं. मॅडम म्हणाल्या, लेखिका हिला चूक ठरवते की बरोबर, ते वाक्य दाखवा. कोणालाच सापडेना! त्यांनी उत्तर दिलंच नाही, मग आम्हीच भांडत बसलो, ठाण्याची एक ताई तर लोकलमधून बोलत होती, नेटवर्क गेलं की परत जॉइन व्हायची.

असाइनमेंटवर नुसतं ‘छान’ नाही, कुठल्या ओळीवरून म्हणताय ते विचारतात, हे फार आवडलं.

हेन्री जेम्सला मात्र एकच आठवडा, त्याची ‘डेझी मिलर’ ही लघुकादंबरी वाचून होत नाही तोच क्विझ. आणि लाइव्ह सेशन संध्याकाळी सातला? चर्चगेटहून विरारला जाणाऱ्यांनी काय करायचं, प्लीज नऊनंतर ठेवा, रेकॉर्डिंगमध्ये प्रश्न विचारता येत नाहीत.