पॉवर्ड स्पीकर बिघडलाय: घरी बघायचा, कारागिराकडे न्यायचा की आतला बोर्डच बदलायचा?

साध्या स्पीकरमध्ये फक्त आवाज काढणारं युनिट असतं. पॉवर्ड स्पीकरच्या खोक्यात मात्र पॉवर सप्लाय, अ‍ॅम्प्लिफायर आणि वूफर-ट्वीटर (जाड आणि बारीक आवाजाची युनिटं) एकत्र बसवलेले असतात. त्यामुळे ‘स्पीकर बिघडला’ एवढ्यावरून काहीच कळत नाही. तिघांपैकी नेमकं काय गेलंय ते आधी शोधायचं, कारण घरी करायचं काम कुठलं आणि कारागिराचं कुठलं ते त्यावरच ठरतं.

हा शोध घरीच घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. खोकं न उघडताही बरंच कळतं. स्पीकर गुरगुरत असेल तर इनपुटची वायर काढून बघा. गुरगुर थांबली तर दोष वायरीत किंवा अर्थिंगच्या लूपमध्ये, म्हणजे दोन उपकरणांच्या वेगवेगळ्या अर्थिंगमधून फिरणाऱ्या करंटमध्ये आहे. लॅपटॉपचा चार्जर किंवा साउंड मिक्सर एका सॉकेटवर आणि स्पीकर दुसऱ्या खोलीतल्या सॉकेटवर असला की असं होतं. दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घेतले की बहुतेक वेळा शांतता होते. काही जण यावर उपाय म्हणून प्लगची अर्थिंगची पिनच काढून टाकतात. ते कधीही करू नका. बॉडीत करंट उतरला तर वाचवणारी तेवढी एकच वायर असते. इनपुट काढूनही गुरगुर तशीच राहिली, तर पॉवर सप्लायचे फिल्टर कपॅसिटर (वीज सपाट करणारे पार्ट) सुकले असण्याची दाट शक्यता असते.

व्हॉल्यूम फिरवताना खरखर होते, ती नॉबच्या पॉटमधल्या (नॉबखालच्या फिरत्या रेझिस्टरमधल्या) धुळीमुळे. नाशिकच्या पावसाळ्यात बंद खोलीत चार महिने पडून राहिलेल्या स्पीकरचं हे ठरलेलं दुखणं आहे. प्लग काढून कॉन्टॅक्ट क्लीनर मारायचा आणि नॉब दोन्ही टोकांपर्यंत पुन्हा पुन्हा फिरवायचा. वायर हलवली की आवाज येतो-जातो, अशी तक्रार असेल तर आधी वायर बदलून बघा. वायर चांगली निघाली तर सॉकेटचा सोल्डर तडकलेला असतो.

कॉम्प्युटरच्या जोडीत बहुधा एकाच डब्यात अ‍ॅम्प्लिफायर असतो आणि दुसरा स्पीकर नुसता वायरीने जोडलेला असतो. त्यातला नुसता स्पीकर मुका झाला, तर तो चालू डब्याशी मुद्दाम दुसरी वायर लावून तपासा. तरीही मुका राहिला, तर स्पीकर युनिट गेलं किंवा डब्यातली त्या बाजूची आउटपुट गेली. बोलू लागला, तर वायर गेली. युनिटची खात्री मल्टिमीटरवर होते. स्पीकर बंद करून वायर सोडवल्यावर ८ ओहमचा वूफर साधारण ६ ओहम दाखवतो, ४ ओहमचा ३ ते साडेतीन. काहीच रीडिंग आलं नाही तर कॉइल तुटली. रीडिंग बरोबर असूनही आवाज फाटत असेल, तर कोन (युनिटचा पुढचा पडदा) दोन्ही बाजूंनी सारखा दाबून हलकेच आत ढकला. घासल्यासारखं जाणवलं तर कॉइल वाकडी झाली आहे. त्याच मापाचं, त्याच ओहमचं युनिट आणून स्क्रूने बसवणं घरी सहज जमतं. एवढ्यासाठी कारागिराची मजुरी देण्याची गरज नाही.

आता जे घरी करू नये ते. स्पीकर अजिबात चालू होत नसेल तर प्लग, वायर आणि बाहेरून बदलता येणारा फ्यूज एवढंच तपासा. फ्यूज त्याच अ‍ॅम्पियरचा, त्याच प्रकारचा लावा. तो लगेच उडाला तर थांबा. जास्त अ‍ॅम्पियरचा फ्यूज किंवा तांब्याची तार लावली, तर आतला शॉर्ट बोर्ड जाळूनच थांबतो. आजकालच्या बहुतेक स्पीकरमध्ये एसएमपीएस, म्हणजे जड ट्रान्सफॉर्मरऐवजी स्विचिंगवर चालणारा पॉवर सप्लाय असतो. त्याच्या मोठ्या कपॅसिटरवर २३० व्होल्टचे सुमारे ३२५ व्होल्ट डीसी झालेले असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकतात. यात सवयीचा हात लागतो.

म्हणून पॉवर सप्लायसाठी कारागीरच बरा. चांगला कारागीर दुरुस्त केलेला बोर्ड आधी शंभर वॉटच्या पिवळ्या बल्बच्या सिरीजमध्ये, म्हणजे वीज बल्बमधूनच पुढे जाईल असा जोडून, चालू करतो. शॉर्ट उरला असला तर बल्ब ठळक पेटतो आणि बोर्ड वाचतो. जो हे करतो, त्याच्याकडे निर्धास्त द्या. नाशिकच्या एम. जी. रोडच्या बाजूला चौकशी केली तर असे कारागीर सापडतात, पण गणपतीच्या तोंडावर नेऊ नका. तेव्हा मंडळांची कामं आधी होतात आणि तुमचा स्पीकर रांगेत राहतो. बदललेला कपॅसिटर १०५ डिग्रीपर्यंतची उष्णता सोसणारा आहे का, ते विचारा आणि जुने पार्ट परत मागा.

तिसरा पर्याय बोर्ड बदलण्याचा. ट्रान्सफॉर्मरवरचा जुना, जड स्पीकर असेल, आत टीडीए २०३० सारखी आवाज वाढवणारी चिप असेल, तर दुरुस्तीच करा. चिप मिळते, स्वस्त असते आणि कारागिराला ती नेहमीची असते. नव्या क्लास डी (स्विचिंगवर चालणाऱ्या, कमी तापणाऱ्या) स्पीकरचं तसं नाही. त्यात बारीक पार्ट इतके दाटीने बसवलेले असतात, की एक दुरुस्त करून दुसरा निसटतो. तिथे कंपनीचाच मॉड्यूल (तयार बोर्ड) मिळाला तर तो घ्या. बाजारातला कुठलाही अ‍ॅम्प्लिफायर बोर्ड बसवून आवाज येईल खरा. पण मूळ बोर्डमधला क्रॉसओव्हर (जाड आणि बारीक आवाज वेगळे करणारा भाग) आणि लिमिटर (आवाज मर्यादेत ठेवणारा भाग) असेल तर तो जातो, बासचा भार ट्वीटरवर येतो आणि थोड्याच दिवसांत ट्वीटरही जातो. कंपनीचा मॉड्यूल नव्या स्पीकरच्या निम्म्या किमतीपेक्षा महाग पडत असेल, तर मी नवा स्पीकर घेईन आणि जुन्यातला चांगला वूफर काढून ठेवीन.

वॉरंटी चालू असेल तर मात्र स्क्रूवरच्या सीलला हात लावू नका. बिल शोधा आणि थेट सर्व्हिस सेंटरला न्या.