तानपुऱ्याची फायबर केस बदलून घेताना फसले, तुम्ही तरी सावध राहा

दोन महिने झाले तरी विषय डोक्यातून जात नाहीये म्हणून शेवटी लिहितेय. आमच्याकडे मिरजेचा तानपुरा आहे, बाबांनी १९९८ साली स्वतः तिथे दोनदा जाऊन बनवून घेतलेला, आणि त्याबरोबरच मापाने केलेली मरून रंगाची फायबरची केस. इतकी वर्षं रेल्वे, एसटी, टेम्पो सगळं झालं पण केसला काही झालं नाही. या वेळी पुणे स्टेशनच्या जिन्यावर हमालाच्या हातून सुटली आणि झाकणाला भोपळ्याच्या, म्हणजे तानपुऱ्याच्या खालच्या गोल भागाच्या, बाजूला वीतभर तडा गेला. तानपुऱ्याला ओरखडासुद्धा नाही.

आठ दिवसांवर नाशिकचा कार्यक्रम होता, मिरजेला जाऊन यायला वेळ नव्हता म्हणून मोबाईलवर शोधलं, तर 'वाद्यांच्या केस रिपेअर, घरून नेऊन घरी पोच' अशी जाहिरात दिसली. माणूस दुसऱ्या दिवशी आला, बोलायला अगदी गोड, ताई ताई करून. केसवर दोन टिचक्या मारल्या आणि म्हणाला, "ताई, ही रिपेअर होणार नाही, फायबर एकदा तडकलं की संपलं. नवीन घ्या, ९,५०० ची आहे, जुनीचे २,००० वजा करतो." हे साफ खोटं होतं, पण मला तेव्हा कुठे माहीत! ३,००० ॲडव्हान्स यूपीआयने दिले, खात्यावर नाव भलतंच दिसत होतं तर म्हणे भावाचं आहे. आणि बाबांची केस मी स्वतःच्या हाताने त्याच्या रिक्षात ठेवून दिली.

पाचव्या दिवशी रात्री नऊ वाजता नवीन केस आली. काळी चकचकीत, आत लाल मखमल, पेंटचा वास इतका की डोळे चुरचुरले. उरलेले ४,५०० रोख घेतले आणि जाताना सांगितलं की दोन दिवस उन्हात ठेवू नका, कापडाला ओढू नका, डिंक ओला आहे. बिल मागितलं तर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो म्हणाला, ते आजतागायत आलेलं नाही.

नाशिकला गाडीच्या मागच्या सीटवर केस आडवी ठेवली होती, वरती फक्त कपड्यांची एक बॅग. उतरवली तर झाकण मधोमध दबलेलं आणि भोपळ्याला चीर. मी तिथेच रस्त्याच्या कडेला खाली बसले. नंतर नीट पाहिलं तर काळ्या रंगाचा पोपडा निघाला होता, त्याखाली पिवळट लांबी, गाडीचे डेंट भरायला वापरतात ती, आणि लांबीच्या खाली निळं फायबर. म्हणजे ही केस मुळात निळी, कुणाची तरी फुटलेली! मखमल ओढून काढली तर आत तड्यावर नुसती पॅकिंगची चिकटपट्टी, आणि बाजूला मार्करने बाण काढून कुणीतरी लिहिलेलं, 'वरची बाजू'. तेही असंच कुणीतरी असणार, माझ्यासारखंच जपणारं.

मग मिरजेला गेले. कारागिरांनी तबली, म्हणजे भोपळ्यावरची लाकडी पाटी, काढून भोपळा आतून जोडला, आवाज बराचसा परत आलाय पण खर्जाची तार पूर्वीसारखी भरत नाही, मला तरी ऐकू येतं. ते म्हणाले की फायबरचा तडा सहज दुरुस्त होतो, आतून घासायचं, काचेच्या धाग्याची मॅट रेझिन आणि हार्डनरमध्ये भिजवून दोन-तीन थर द्यायचे, बंपर किंवा टाक्या दुरुस्त करणारासुद्धा करतो. फक्त रेझिनचा वास पूर्ण जाईपर्यंत वाद्य आत ठेवायचं नाही. मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, त्यामुळे वाद्य विचारून पारखून घेता येतं, केसकडे मात्र आपण कुणीच बघत नाही.

तर कुणी नवी म्हणून केस दिली की अस्तर एका कोपऱ्यात उचलून आतलं फायबर बघाच, उचलू देत नसेल तर घेऊ नका. बाहेरून सगळीकडे बोटाने वाजवा, लांबी भरली असेल तिथे आवाज बद्द येतो. आणि जुनी केस कितीही फुटलेली असली तरी देऊन टाकू नका, तीच रंगवून दुसऱ्याच्या गळ्यात मारतात. मी १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, त्यांनी दुकानाचं नाव, पत्ता, बिल विचारलं, माझ्याकडे बंद पडलेला एक नंबर आणि यूपीआयची पावती. पोलिसांत अर्ज दिलाय, पुढे काही हललेलं नाही.

आमची केस पण आता कुठल्या तरी रंगात कुणाच्या तरी घरी असेल. पुण्यात इतक्यात कुणी तानपुऱ्याची केस घेतली असेल तर प्लीज एकदा मानेच्या बाजूचं अस्तर उचलून बघा. तिथे पांढऱ्या ऑइल पेंटने बाबांच्या अक्षरात 'प सा सा सा' लिहिलंय आणि प्रत्येकाखाली तारेचा नंबर. सापडली तर कळवा, तुमचे गेलेले पैसे मी देते.