मेथोट्रेक्सेटचे चौदा महिने आणि जुलैतला तो २१००

आधीच सांगून टाकते, माझं औषध चालू आहे आणि सध्या तरी बंद करणार नाही. "पांढऱ्या पेशी उतरल्या" एवढे तीन शब्द वाचून कोणी घरातली पट्टी केरात टाकली तर त्याचं पाप माझ्या माथी नको.

मी गोव्यात डिचोली तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवते. वय ४७. ऑक्टोबर २०२४ पासून सोरायटिक आर्थ्रायटिससाठी, म्हणजे सोरायसिस या त्वचारोगासोबत येणाऱ्या सांधेदुखीसाठी, मेथोट्रेक्सेट घेतेय. त्याआधीची दोन वर्षं मी डोक्यातल्या खपल्यांना कोंडा समजत होते, टाचदुखीला चपला बदलत होते आणि बोटं दुखली की खडूला दोष देत होते. तिन्ही दुखणी एकाच घरची आहेत हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. आर. ए. फॅक्टर (संधिवाताची रक्ततपासणी) निगेटिव्ह आला तेव्हा तर "वात नाही, वयामुळे होतं" असं सांगून मला घरी पाठवलं होतं. पुढे उजव्या हाताची अनामिका मुळापासून टोकापर्यंत एकसारखी फुगली, कापून काढायची वेळ येईल इतकी अंगठी रुतली, आणि मी पणजीच्या संधिवाततज्ज्ञांकडे गेले. त्यांनी बोटाआधी नखं बघितली. सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे होते नखांवर. मी इतकी वर्षं तीच नखं कापत होते, कधी लक्ष गेलं नव्हतं. मग म्हणाले, "केस बाजूला करा बघू," आणि निदान तिथेच झालं. या आजारात आर. ए. फॅक्टर बहुतेकांचा निगेटिव्हच असतो, हेही तेव्हाच कळलं.

आता औषधाविषयी. गोळी आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी. सुरुवात साडेसात मिलिग्रॅमने, दीड महिन्यात १५ वर. वार निवडायला मला पूर्ण संध्याकाळ लागली. शनिवारी रात्री घेतली तर मळमळ रविवारी येणार, आणि रविवारी आमच्याकडे बाजारातून ताजी मासळी येते. बांगड्याच्या हुमणासमोर तोंड वाकडं करून बसायचं हे काही मला जमण्यातलं नाही. म्हणून रविवारी रात्री जेवणानंतर गोळी, सोमवारी तसंही घरात शिवराक, म्हणजे शाकाहारी. मंगळवारी आणि बुधवारी फॉलिक ऍसिड. सोमवारी दुपारपर्यंत डोकं जड राहायचं, चहाचा वास नको वाटायचा. तिसऱ्या महिन्यानंतर तेही बरंच कमी झालं.

एक गोष्ट मात्र ठळक लिहिते. दुसऱ्या महिन्यात औषधाच्या दुकानातल्या मुलाने सवयीने पाकिटावर "१-०-१" लिहून दिलं. सकाळ-संध्याकाळ! नवऱ्याच्या लक्षात आलं म्हणून बरं. हे औषध रोज घेतलं तर माणूस दगावू शकतो. तेव्हापासून स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर रविवारच्या चौकोनात लाल पेनाने गोल असतो, आणि गोळी गिळली की त्यात फुली. फुली नसेल आणि घेतली की नाही ते आठवत नसेल, तर त्या आठवड्याला परत घ्यायची नाही, डॉक्टरांना विचारायचं, असं आमचं ठरलंय.

गुण यायला वेळ लागला. पहिले सहा आठवडे काही नाही, आठव्याला सकाळचा ताठरपणा दीड तासावरून अर्ध्या तासावर आला, आणि जानेवारीच्या शेवटी अंगठी पुन्हा बोटात गेली. टाच पूर्ण बरी व्हायला मार्च उजाडला. त्याच महिन्यात भावाने विचारलं, "उर्राकचा सीझन आलाय, तुझं काय?" उर्राक म्हणजे काजूची दारू. माझं लिंबूपाणी. यकृतावर आधीच या औषधाचं ओझं असतं, त्यात दारू नको, असं पहिल्याच भेटीत बजावलं होतं. वर्षातून दोनदा घोटभर घेणाऱ्या मला त्याचं फार दुःख नव्हतं, भावालाच जास्त झालं.

तपासण्यांचं वेळापत्रक असं होतं: सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी, मग महिन्याने, मग तीन महिन्यांनी. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), यकृताची तपासणी, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी). औषध स्वस्त आहे, पैसे जातात ते यातच. माझ्या एकूण पांढऱ्या पेशी सुरुवातीला ७४०० होत्या, डिसेंबरमध्ये ६२००, मार्चमध्ये ५६००. आमच्याकडच्या लॅबच्या कागदावर ४००० ते ११००० नॉर्मल छापलेलं असतं, त्यामुळे मी खूश. आकडा दर वेळी एकेक पायरी खाली येतोय हे मला दिसलं नाही. दिसलं असतं तरी मी काय करणार होते, हा भाग वेगळा. पण जूनची तपासणी मी केलीच नाही. शाळा सुरू झाली, पहिलीची रडणारी मुलं, वह्या-पुस्तकांचं वाटप, धो धो पाऊस. "पुढच्या आठवड्यात जाते" असं म्हणत जुलै आला.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात लघवीला जळजळ सुरू झाली. पावसाळ्यात पाणी कमी पिणं होतं, शाळेतल्या स्वच्छतागृहाबद्दल तर न बोललेलं बरं. जवळच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी विचारलं, "बीपी, शुगरच्या गोळ्या चालू आहेत?" मी म्हटलं, "नाही." खोटं नव्हतं. रोजच्या गोळ्या माझ्या नाहीतच, आणि रविवारची गोळी माझ्या हिशेबात औषधांत धरलीच जात नव्हती. त्यांनी को-ट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक लिहून दिलं, पाच दिवस. गुडघा दुखत होता म्हणून मी आपल्या मनाने डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळीही घेत होते.

चौथ्या दिवशी तोंड आलं. पहिल्यांदा जिभेच्या कडेला दोन फोड, सहाव्या दिवशी ओठांच्या आतून सगळीकडे. सोलकढीचा घोट घेतला आणि डोळ्यांतून पाणी आलं. मिठाचा खडासुद्धा लागत होता. पेज गार करून, लोणचं न लावता प्यायले. शेजारच्या काकी येऊन बघून गेल्या आणि म्हणाल्या, "डेंगू आसतलो गो. पपायेच्या पानांचो रोस घे, काउंट वयर येता." तासाभरात रस घेऊन हजरही झाल्या. काकींना नाही म्हणायची माझी हिंमत नाही, पण तो रस तोंडाला लागला असता तर मी उभी जळाले असते. बेसिनमध्ये गेला, हे त्यांना कळू नये.

लॅबवाल्याने रिपोर्ट पाठवायच्या आधी फोन केला तेव्हाच मी समजले. पांढऱ्या पेशी २१००. प्लेटलेट १,२८,०००. काकींची शंका अगदीच वेडी नव्हती, डेंग्यूतही या दोन्ही उतरतात आणि पावसाळ्यात गोव्यात तो असतोच. पण ताप नव्हता आणि डेंग्यूची टेस्ट निगेटिव्ह आली.

पणजीच्या डॉक्टरांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला, "न्यूट्रोफिल किती टक्के?" ४२. "मग गुणाकार करा." २१०० चे ४२ टक्के म्हणजे ८८२. एकूण आकड्यापेक्षा हा आकडा महत्त्वाचा, कारण जंतूंशी पहिल्यांदा भिडणाऱ्या पेशी याच. १५०० च्या खाली गेलं की कमी म्हणतात, ५०० च्या खाली गेलं की जिवाला धोका. मी दोन्हींच्या मधे लटकत होते. दुसरा प्रश्न, "गेल्या दहा दिवसांत काय काय गिळलंत? सगळं सांगा, चूर्णसुद्धा." को-ट्रायमोक्साझोलचं नाव ऐकल्यावर पलीकडे दोन-तीन सेकंद शांतता.

झालं होतं ते असं. नव्या पेशी बनायला फोलेट (फॉलिक ऍसिडच्याच जातीचं जीवनसत्त्व) लागतं आणि मेथोट्रेक्सेट त्याच्याच कामात आडवं येतं. को-ट्रायमोक्साझोलमधलं ट्रायमेथोप्रिमही तेच करतं. शिवाय त्याचा सल्फाचा भाग आणि माझं डायक्लोफेनॅक मेथोट्रेक्सेटला लघवीवाटे बाहेर जाऊ देत नाहीत. त्यात पाणी कमी, क्रिएटिनिन ०.८ वरून १.२ वर. म्हणजे मी गिळली रविवारचीच गोळी, पण अंगात साठली त्याहून जास्त. आणि ही जोडी धोक्याची आहे हे नवं नाही, वाताच्या डॉक्टरांना पाठ असतं. ज्यांनी मला ते लिहून दिलं त्यांचा राग येतो का? येतो, थोडा. पण त्यांनी विचारलं होतं, आणि मी "नाही" म्हटलं होतं.

मेथोट्रेक्सेट त्या दिवसापासून बंद, ते अँटिबायोटिक बंद, डायक्लोफेनॅक बंद. ल्युकोव्होरिन नावाच्या गोळ्या सुरू झाल्या. हे फॉलिनिक ऍसिड. मी म्हटलं, "घरात फॉलिक आहे की!" तर म्हणाले, मेथोट्रेक्सेटने अडवलेल्या वाटेवरून फॉलिक ऍसिडला जावं लागतं, फॉलिनिक ती वाट टाळून पुढे जातं. एका अक्षराचा फरक आहे, पण त्या वेळी घरातल्या गोळ्यांचा उपयोग नव्हता. थर्मामीटर उशाशी ठेवायचा, ताप १००.४ च्या वर गेला तर रात्र असो की दिवस, वाट न बघता बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजच्या कॅज्युअल्टीत जायचं, आणि दारातच सांगायचं की पेशी कमी आहेत. पॅरासिटामॉल घेऊन ताप दाबायचा नाही. शाळेला सुट्टी, कारण पहिलीच्या वर्गात सर्दी-खोकल्याचा दुष्काळ कधीच नसतो.

ताप आला नाही. चौथ्या दिवशी २६००, नवव्या दिवशी ३९००, तिसऱ्या आठवड्यात ५३००. तोंड दहाव्या दिवशी बरं झालं आणि पहिली मागणी मी सोलकढीचीच केली.

औषध मात्र चार आठवडे बंद होतं, आणि त्याची किंमत ऑगस्टमध्ये कळली. कोपरावर चट्टे परत आले आणि अनामिका पुन्हा जाड व्हायला लागली. २७ तारखेला चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधायचं काम दरवर्षी माझ्याकडे असतं. सुपारीचे घोस, तोरिंगणं, कांगलां अशी फळं एकेक करून बांधायची. यंदा गाठ मारताना बोट वळेना. जाऊबाईंनी बांधलं आणि मी खाली बसून फळं पुरवत राहिले. आरतीत घुमट वाजत होतं, आणि मी मनात आठवडे मोजत होते.

तोपर्यंत १० मिलिग्रॅमवर परत सुरुवात झाली होती. त्याच आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी तपासणी, आता दर महिन्याला. गेल्या महिन्यात ५१००, न्यूट्रोफिल ५८ टक्के. सांधे ८० टक्के ठीक, कोपराचे चट्टे पूर्ण गेलेले नाहीत. १५ वर जायचं की दुसऱ्या औषधाची जोड द्यायची हे पुढच्या भेटीत ठरेल. बायोलॉजिकची (महागड्या इंजेक्शनांची) गोष्ट निघाली होती, त्याआधी क्षयाची तपासणी लागते आणि खिशाचीही. तूर्तास नको म्हटलं.

कोणी विचारलं तर गुण किती देणार? सांध्यांसाठी पाचपैकी चार. मळमळीसाठी अर्धा कापते. जुलैचे गुण औषधाच्या खात्यातून कापणं बरोबर नाही, ते माझ्या नावावर. तरुण मुलींसाठी एक वेगळी सूचना: मूल हवं असेल तर हे औषध चालत नाही, आधी बंद करून थांबावं लागतं, तेव्हा सुरू करायच्या आधीच मोकळेपणाने बोला. आणि आधीपासून ज्यांची किडनी अधू आहे, त्यांनी माझ्या डोसशी आपला डोस ताडून बघू नये.

पर्समध्ये आता एक चिठ्ठी असते, शाळेतल्या लॅमिनेशनच्या मशीनवर केलेली: "मेथोट्रेक्सेट, १० मिग्रॅ, फक्त रविवारी. को-ट्रायमोक्साझोल देऊ नये." मागच्या आठवड्यात दाढ दुखली म्हणून दंतवैद्याकडे गेले. अँटिबायोटिक लिहायला त्यांनी पेन उचललं, तेव्हा मी चिठ्ठी टेबलावर सरकवली. त्यांनी ती वाचली, पेन खाली ठेवलं आणि पणजीचा नंबर मागितला.