अ‍ॅरिझोनाची पाणी-बँक : भरणा चोख, काढण्याची खिडकी अर्धीच उघडी

अ‍ॅरिझोना वॉटर बँकिंग अथॉरिटी, म्हणजे अमेरिकेतल्या या राज्याची पाणी-बँक, १९९६ साली सुरू झाली. कोलोरॅडो नदीतला राज्याचा वाटा वर्षाला २८ लाख एकर-फूट आहे (एक एकर-फूट म्हणजे सुमारे १,२३३ घनमीटर). तेव्हा तो पुरता वापरला जात नव्हता. शिल्लक पाणी सेंट्रल अ‍ॅरिझोना प्रोजेक्टच्या ३३६ मैलांच्या कालव्याने आत आणायचे, जमिनीत मुरवायचे आणि टंचाईत उपसायचे, एवढीच ही सेवा. भरण्याच्या कामाला पैकीच्या पैकी गुण. शेजारच्या नेवाडा राज्यासाठी ठेवलेले सुमारे ६ लाख धरून खात्यावर ४० लाख एकर-फुटांहून अधिक पाणी आहे.

पण खात्यावरचा प्रत्येक एकर-फूट सारखा नाही, आणि नियोजन फसते ते इथेच. जमा दोन तऱ्हेने होते. पहिली तऱ्हा मुरवण तलावांची. टोनोपा वाळवंटातल्या प्रकल्पाला वर्षाला दीड लाख एकर-फुटांचा परवाना आहे. तलावाच्या तळाशी गाळ आणि शेवाळ बसले की मुरण्याचा वेग घटतो, म्हणून तलाव आळीपाळीने वाळवून तळ खरवडावा लागतो. दुसऱ्या तऱ्हेत शेतकरी कालव्याचे पाणी घेतो, आपली विहीर बंद ठेवतो आणि न उपसलेले भूजल बँकेच्या नावे जमा होते. दोन्हीकडे ५ टक्के पाणी भूजलसाठ्याला कायमचे सोडावे लागते. तलावात बाष्पीभवनही वजा होते, त्यामुळे १,००० सोडले तर हाती ९५० पेक्षा कमीच लागतात.

दुसरी तऱ्हा स्वस्त पडते आणि पिनाल भागात ती मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. आता कालव्याचे पाणी तुटल्यावर तेच शेतकरी पुन्हा विहिरींकडे वळले आहेत. कागदावरचे क्रेडिट (साठवलेले पाणी पुढे उपसण्याचा हक्क) तसेच राहते, पण पाण्याची पातळी खाली जाते आणि उपशाचा खर्च चढतो. जमेचा आकडा वाचताना ते पाणी कोणत्या तऱ्हेचे आणि कुठले, हे आधी विचारावे.

देणे मात्र ठरलेले आहे. २००४ च्या कायद्याने आदिवासी जमातींच्या कमी अग्रक्रमाच्या, म्हणजे कपातीत लवकर तुटणाऱ्या, पाण्याची १०० वर्षांची हमी राज्यावर आली: गिला रिव्हर समुदायासाठी वर्षाला १५,००० एकर-फूट आणि पाणीहक्काच्या पुढच्या तडजोडींसाठी ८,७२४. हे पाणी सलग दहा वर्षे पूर्ण तुटले तर २,३७,२४० एकर-फूट लागतील. शिवाय कालव्यावरची शहरे, नदीकाठची गावे आणि नेवाडा यांचेही देणे आहेच. २०२२ मध्ये अ‍ॅरिझोनाच्या वाट्यातून ५,१२,००० आणि २०२३ मध्ये ५,९२,००० एकर-फूट कापले गेले. कपातीत आधी शिल्लक पाणी जाते, मग शेतीचे. म्हणजे बँकेचा कच्चा मालच सर्वात आधी संपतो.

पैशाचीही तीच गत. पैसा मालमत्ता करातून (मूल्यांकनाच्या १०० डॉलरला फार तर ४ सेंट) आणि भूजल उपसा शुल्कातून (एकर-फुटाला २.५० डॉलर) येत आला आहे. कालव्यात पाणी कमी वाहिले की स्थिर खर्च कमी पाण्यावर वाटला जातो आणि दर चढतो. त्यातच हे पैसे मोकळे नाहीत. कराच्या पैशातून घेतलेले क्रेडिट कर जिथे गोळा झाला त्याच जिल्ह्याच्या लाभासाठी वापरावे लागते. म्हणून एकूण बेरजेवर विसंबून आराखडा करू नये. खतावणी तीन रकान्यांत मांडावी: पैसा कुठला, भूजल क्षेत्र कुठले, देणे कोणाचे. टुसॉनमधली तूट फिनिक्समधल्या क्रेडिटने सरळ भरता येत नाही, कारण साठवले त्याच भूजल क्षेत्रात उपसण्याची अट आहे.

सेवेची सर्वात कमजोर बाजू उपशाची. बँकेची स्वतःची एकही विहीर नाही, काम कालवा चालवणाऱ्यांवर आणि भागीदारांवर सोपवलेले आहे. मुरवणीच्या परिणामक्षेत्राबाहेर (मुरवलेले पाणी पोहोचते त्या भागाबाहेर) विहीर घ्यायची तर तिथली भूजल पातळी वर्षाला सरासरी ४ फुटांहून जास्त उतरता कामा नये. उपसलेले पाणी कालव्यात सोडायचे तर नायट्रेट, आर्सेनिक आणि क्षार आधी तपासावे लागतात. त्यापेक्षा अदलाबदल बरी: शहराने परवाना असलेल्या स्वतःच्या विहिरीतून उपसावे आणि कालव्यातला आपला हिस्सा ज्याचे देणे आहे त्याला सोडावा. नवी वाहिनी लागत नाही. जिथे घेणाऱ्याला चालते तिथे क्रेडिटच त्याच्या नावे करून द्यावे, विहीर आणि वीज दोन्ही वाचते.

नदीच्या पाण्याच्या वाटपाचे २००७ चे नियम २०२६ अखेर संपतात, त्यामुळे एकाच कपातीवर बेतलेला आराखडा टिकणार नाही. हलकी, मध्यम आणि पूर्ण तूट असे तीन हिशेब करावेत. पण विहिरींचे परवाने आणि अदलाबदलीचे करार मात्र पूर्ण तुटीच्या हिशेबानेच आधी मिळवावेत, कारण टंचाई जाहीर झाल्यावर त्याच विहिरींवर सगळ्यांचाच डोळा असतो.