शाळेचं मैदान की सडा: हेलिकॉप्टर उतरवायचं कुठे?

कोकणातल्या गावातून अत्यवस्थ रुग्ण हलवायचा म्हटलं की सगळ्यांची नजर आधी रुग्णालयाशेजारच्या शाळेच्या मैदानावर जाते. स्ट्रेचर तिथे लगेच पोचतं, हे खरं. पण पात्यांचा झोत जमिनीवर आपटून चहूबाजूंना आडवा पसरतो. यंत्र जितकं जड, तितका तो जोरकस. मैदानाला खेटून कौलारू घरं, पत्र्याच्या पडव्या, ताडपत्र्या. मे महिन्यात तांबडी धूळ अशी उठते की वैमानिकाला खालची जमीनच दिसेनाशी होते. शिवाय बघे, ते आपल्याकडे हटता हटत नाहीत! २०२२ साली इंग्लंडमधल्या प्लिमथ इथे रुग्णालयाच्या हेलिपॅडवर तटरक्षक हेलिकॉप्टर उतरताना शेजारच्या पार्किंगमधली एक वृद्धा झोताने पडून दगावली. तो तर कायमचा हेलिपॅड होता.

सडा, म्हणजे डोंगरावरचं सपाट कातळाचं पठार, मोकळा. जांभ्याचा कातळ उघडा, माती नावाला, वस्ती लांब. जवळ चिरेखाण असेल तर तिथली भुकटी मात्र आधी पाणी मारून बसवावी लागते. पावसाळ्यात ढग सड्यावर टेकले की विषयच संपला. आणि चढणीच्या वळणांवरून रुग्णवाहिका न्यायची, ही खरी डोकेदुखी.

तरी मी सडाच निवडेन. मैदान वापरायचं ते रुग्णाला तेवढा रस्ता सोसणार नसेल तरच, तेही पोलिसांनी भोवतालची वाट अडवल्यावर.