गॅबापेंटिन: आठ महिन्यांच्या वापरानंतर

दोन वर्षांपूर्वी आंब्याच्या कलमावरून पडून माझ्या मज्जारज्जूला अर्धवट इजा झाली. पायांत थोडे बळ उरले, परंतु रात्री पांघरूण नुसते घासले तरी दोन्ही गुडघे पोटाशी ओढले जात. स्नायूंचा ताठरपणा कमी करणारे बॅक्लोफेन चालू होतेच. तळपायांच्या आगीसाठी डॉक्टरांनी गॅबापेंटिनची भर घातली. अमेरिकेत १९९३ मध्ये हे औषध फेफऱ्यासाठी मान्य झाले होते, त्यामुळे चिठ्ठी पाहून घरचे घाबरले.

स्नायू ताणला गेल्याची वर्दी मज्जारज्जूत पोहोचताच तिथल्या प्रेरक चेतापेशी त्याला आखडायला लावतात, आणि मेंदूकडून येणारा जो लगाम एरवी ही क्रिया आवरतो तोच माझ्यात तुटला आहे. गॅबापेंटिन चेतातंतूंच्या टोकांशी असलेल्या कॅल्शियमच्या मार्गिकांच्या एका भागाला चिकटते आणि पुढच्या पेशीला चेतवणारे रसायन कमी सुटू देते. नावात ‘गाबा’ (चेतापेशींना शांत करणारे शरीरातले रसायन) असले तरी ते गाबाच्या ग्राहींवर, म्हणजे ते रसायन पेशीवर जिथे चिकटते त्या जागांवर, काम करत नाही. ते काम बॅक्लोफेनचे. दोन्ही गोळ्या मिळून गुंगी मात्र वाढते, आणि पहिले तीन आठवडे मला ती फार जाणवली.

रात्री सात-आठ वेळा पाय ओढले जात, ते आता एक-दोनदा. व्हीलचेअरच्या पट्टीवर चवडा टेकला की टाच थडथडत राहायची आणि गुडघा तळहाताने दाबून धरावा लागायचा. आता चार-पाच ठोक्यांत ती आपोआप थांबते. हातोडीच्या ठोक्याला गुडघा अजूनही पूर्वीइतकाच उसळतो, म्हणून केवळ त्यावरून औषधाचा गुण जोखू नये असे मला वाटते.

जी गोष्ट मला कोणी आधी सांगितली नव्हती ती ही, की पायांचा तो ताठरपणाच मला उभे राहायला आधार देत होता. मात्रा ६०० मिलिग्रॅम तीनदा झाली त्या आठवड्यात पलंगावरून खुर्चीत जाताना उजवा गुडघा दुमडला आणि मी खाली बसलो. डॉक्टरांनी सकाळची मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवली, रात्रीची तशीच ठेवली.

हे औषध मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते. माझ्यासारख्या लघवीचा त्रास असणाऱ्याने क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासत राहावे. गॅबापेंटिन एकाएकी बंद करू नये: गणपतीत गोळ्या संपल्या, तेव्हा दोन रात्री आग आणि ओढ दोन्ही परतले.

सध्या सकाळी ३०० मिलिग्रॅम घेऊन मी वॉकरने पडवीच्या तिसऱ्या खांबापर्यंत जातो.