पेटी कॅमेऱ्यावर फोटो काढून घेतला, त्याचा अनुभव

घरात पणजीचा एकच फोटो आहे, तळहाताएवढा, कडेने पिवळा पडलेला. फिरत्या फोटोवाल्याने पेटी कॅमेऱ्यावर काढलेला, एवढंच माहीत होतं. म्हणून अजून तसाच लाकडी कॅमेरा चालवणारे एक काका दिसले तेव्हा मी सरळ जाऊन स्टुलावर बसले.

वीज नाही, फ्लॅश नाही, फिल्म पण नाही. पेटीच्या आतच फोटोचा कागद आणि दोन ट्रे, एक डेव्हलपरचा (चित्र उमटवणारं रसायन), एक फिक्सरचा (ते पक्कं करणारं). काकांनी लेन्सचं झाकण हाताने काढलं, तोंडाने दोन-तीन आकडे मोजले आणि परत लावलं, तेवढ्यात मी हलले म्हणून पुन्हा पहिल्यापासून. मग काळ्या कापडाच्या बाहीतून हात आत घालून अंदाजानेच कागद या ट्रेतून त्या ट्रेत, आणि बाहेर आली ती निगेटिव्ह, चेहरा काळा, केस पांढरे. ती लेन्ससमोरच्या फळीवर लावून तिचाच परत फोटो काढला की झाला खरा फोटो. बघतच राहावं असं काम आहे.

तिथं बसल्यावर लक्षात आलं की गरिबाच्या घरी फोटो पोचला तो या पेटीमुळे. स्टुडिओ शहरात, म्हणजे जायचा एक दिवस आणि फोटो आणायचा दुसरा, दोन्ही दिवसांची मजुरी बुडणार. इथे डार्करूमच, म्हणजे फोटो धुवायची अंधारी खोलीच, गावात चालत यायची आणि फोटो तिथल्या तिथे हातात. याच्याआधी टिनटाइप होता, १८५६ चं अमेरिकेतलं पेटंट, तोही उभ्या उभ्या मिळायचा, पण पत्र्यावर थेट उमटायचा म्हणून डावं-उजवं उलटं यायचं. पेटीत दोनदा उलटतं म्हणून सरळ येतं.

माझी लाल ओढणी मात्र जवळजवळ काळी आली. या कागदाला लाल रंग दिसतच नाही म्हणे. म्हणजे पणजीचं ते काळं लुगडं खरंच काळं होतं का, कोण जाणे!

तक्रार एकच, धुणं घाईत होतं. फिक्सर कागदात राहिला की फोटो पिवळा पडतो, आमचा तसाच पडला असणार. घरी आणून वाहत्या पाण्यात नीट धुवा. आणि निगेटिव्ह मागून घ्या, काकांनी मला लगेच दिली, तिच्यावरून अजून कॉपी निघते.